थर्माकोलचं पॅकिंग: घरात आलेल्या या ढिगाचं करायचं काय?

रानजाई

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात घरी नवा फ्रिज आला. आणणारी माणसं जोडणी करून निघून गेली आणि पांढरं पॅकिंग माझ्यापाशी राहिलं. चार कोपरे, दोन जाड पाट्या आणि तळाचा एक अखंड साचा. सगळं एकावर एक रचलं तर माझ्या खांद्यापर्यंत आलं. वजन करून पाहिलं तर एक किलो तीनशे ग्रॅम. एवढ्या ढिगाचं एवढंच वजन!

पिशवीत मावावं म्हणून पहिला कोपरा गुडघ्यावर मोडला आणि तिथेच चुकलं. तडकन आवाज झाला आणि दाणे उधळले. बाहीला, केसांना, पडद्याला, जिथे हात लावावा तिथे चिकटलेले. झाडायला गेले तर निम्मे केरसुणीच्या पुढे पळतात आणि निम्मे तिच्याच काड्यांना लटकतात. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि मूठभर दाणे गॅलरीच्या जाळीतून खाली गेले. खाली पावसाच्या पाण्याची उघडी गटार आहे. मी धावत उतरले, पण हाताला आठ-दहाच लागले. बाकीचे आता कुणाच्याच हाताला लागणार नाहीत, हे मनातून जात नाही.

उरलेलं तसंच ठेवलंय. भंगारवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "ताई, पुठ्ठा द्या, हे नको." तळाच्या साच्यावर बाणांचा त्रिकोण आहे, आत ६ आकडा. म्हणजे त्याचा पुनर्वापर होतो ना? मग कुणी घेत का नाही? जाळायचं नाही एवढं मला माहीत आहे. त्यापुढचं माहीत असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

आडवाट

अगदी माझाच प्रश्न. दोन वर्षांपूर्वीच्या टीव्हीचं पॅकिंग अजून माळ्यावर आहे, कारण ते कुठे द्यावं हे कळलं नाही आणि कचऱ्यात टाकवलं नाही. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

---

गठ्ठेवाला

रानजाईताई, मी सहा वर्षं थर्माकोल दाबण्याच्या यंत्रावर काम करतो, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी त्रिकोणाबद्दल. ६ आकडा म्हणजे वस्तू पॉलिस्टायरीन या प्लास्टिकची आहे, एवढंच; थर्माकोल म्हणजे हवा भरून फुगवलेलं पॉलिस्टायरीन. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने प्लास्टिकचे प्रकार ओळखता यावेत म्हणून हे आकडे आणले. भोवतीच्या बाणांमुळे लोकांना वाटायला लागलं की यावर पुनर्प्रक्रिया होणारच. हा घोटाळा इतका वाढला की २०१३ मध्ये मानक बदलून बाणांच्या जागी साधा भरीव त्रिकोण आणला. जुने साचे मात्र चालूच आहेत, म्हणून बाण अजून दिसतात.

आता भंगारवाला का घेत नाही ते. तो माणूस चुकीचा नाही. पॅकिंगच्या थर्माकोलमध्ये ९८ टक्के हवा असते. एक घनमीटर थर्माकोलचं वजन साधारण २० किलो. तीस घनमीटरचा ट्रक शिगोशीग भरला तरी त्यात माल ६०० किलोच, आणि तेही तुकडे एकमेकांत चपखल बसले तर. तसे ते बसत नाहीत. म्हणजे तो डिझेल जाळून हवा वाहून नेणार. त्याच्या हातगाडीवर तुमचं एका फ्रिजचं पॅकिंग चढलं तर दुसऱ्या कशालाच जागा उरणार नाही.

मालात मात्र काही खोट नाही. पॉलिस्टायरीन उष्णतेने मऊ होतं, पुन्हा ओतता येतं. फक्त आधी त्यातली हवा काढावी लागते. आमच्याकडे तेच चालतं. वरच्या तोंडातून तुकडे टाकायचे, आतले दात त्यांचा चुरा करतात आणि एक मोठा स्क्रू तो चुरा निमुळत्या नळीतून रेटतो. दुसऱ्या टोकाने चौकोनी, करकरीत ठोकळा हळूहळू बाहेर सरकतो. हाताला कोमट लागतो, दाणे चपटे होऊन एकमेकांत रुतलेले दिसतात. त्याच्या एका घनमीटरचं वजन तीनशे ते चारशे किलो भरतं. ट्रकभर माल दोन घनमीटरच्या आत आला! काही ठिकाणी वितळवणारं यंत्र असतं, त्याचा गोळा याहून घट्ट.

हे ठोकळे पुढच्या कारखान्यात जातात. तिथे दळून, वितळवून, जाळीतून गाळून त्यांचे मणी करतात. त्यापासून फोटोच्या चौकटी, भिंतीच्या कडेच्या पट्ट्या, कपड्यांचे हँगर आणि घरबांधणीतल्या उष्णतारोधक पाट्या बनतात. तुमच्या घरातल्या एखाद्या चौकटीची पट्टी लाकडासारखी दिसत असेल पण उचलल्यावर हलकी लागत असेल, तर ती एके काळी कुणाच्या तरी खोक्यातला कोपरा असू शकते.

म्हणून माझं सांगणं: मोडू नका. अखंड, स्वच्छ, कोरडं ठेवा, आणि जवळ दाबयंत्र कुठे आहे त्याची चौकशी करा. थर्माकोलचे साचे बनवणारे कारखाने पुष्कळदा स्वतःच स्वच्छ माल परत घेतात, कारण नव्या दाण्यांत थोडा जुना चुरा मिसळता येतो. कचरा व्यवस्थापनाच्या कार्यालयात विचारताना "प्लास्टिक घेता का" असं विचारू नका, हमखास "हो" येतं. "थर्माकोलचं दाबयंत्र आहे का" असं विचारा.

---

रानजाई

गठ्ठेवाला, मनापासून आभार. आता सगळा हिशोब कळला. स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ, हे सांगाल का?

---

गठ्ठेवाला

चिकटपट्टी, कागदी लेबल, स्टेपलच्या पिना, पुठ्ठ्याचे चिकटलेले तुकडे, हे सगळं निघालं पाहिजे. चिकटपट्टी निघत नसेल तर तेवढा भाग चाकूने कापून टाका. पुढच्या कारखान्यात गाळायची जाळी बारीक असते. पट्टीचा डिंक तिथे जळतो, जाळी तुंबते आणि मणी काळे निघतात. एका पोत्याच्या आळशीपणामुळे अख्खा ढीग नाकारलेला मी पाहिलाय.

ओलं तर अजिबात नको. दाण्यांच्या फटीत पाणी अडकतं आणि ठोकळा नीट धरत नाही. वितळवणाऱ्या यंत्रात त्याच पाण्याची वाफ होते आणि गोळ्यात पोकळ्या राहतात.

---

निळाई

एक व्हिडिओ पाहिला. बाईंनी भांड्यात ॲसिटोन घेतलं आणि केवढा तरी थर्माकोल त्यात बुडवला. तो फसफसत नाहीसा झाला! खाली चिकट गोळा राहिला फक्त. घरच्या घरी असं करता येईल का? नेलपॉलिश काढायचं द्रावण तर असतंच.

---

प्रयोगवही

निळाई, मी रसायनशास्त्र शिकवतो. हा प्रयोग वर्गात दाखवतो, पण चिमटीएवढ्या तुकड्यावर, खिडक्या उघड्या ठेवून. घरी करू नका. कारण नीट सांगतो, नाहीतर "सर नको म्हणाले" एवढंच लक्षात राहील.

तो तुकडा नाहीसा होत नाही. ॲसिटोनमुळे दाण्यांच्या भिंती ढिल्या पडतात आणि आतली हवा निसटते. फसफस दिसते ती त्या हवेची. पॉलिस्टायरीन होतं तेवढंच खाली बसतं, आता ॲसिटोन पिऊन चिकट झालेलं. याचे रेणू म्हणजे लांबलचक साखळ्या असतात. १८३९ मध्ये बर्लिनच्या एदुआर्द सिमोन या औषधविक्रेत्याला एका झाडाच्या राळेपासून काढलेलं तेल साठवणीत घट्ट झालेलं दिसलं. ते घट्ट झालेलं म्हणजेच पॉलिस्टायरीन, पण हवेतल्या ऑक्सिजनमुळे तेल बदललं असावं असं त्याला वाटलं. हा सुटा बदल नसून लहान रेणूंची साखळी जुळते, हे पुढे १९२० च्या दशकात हेरमान श्टाउडिंगर यांनी ठामपणे मांडलं. १९५३ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. तर या साखळ्या ॲसिटोनमध्ये तुटत नाहीत. किलोभर थर्माकोल बुडवला तर किलोभर प्लास्टिक उरणारच, वर ॲसिटोनच्या वाफा घरभर. त्या वाफा हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत पसरतात आणि दूरच्या ठिणगीनेही पेटतात. तो गोळा मग ना थर्माकोलच्या ढिगात जातो, ना साध्या कचऱ्यात.

पेट्रोल किंवा थिनरचं तर नावही काढू नका.

विरघळवण्याची कल्पना मुळात वाईट नाही, हेही सांगतो. संत्र्याच्या सालीतल्या तेलात लिमोनीन नावाचा पदार्थ असतो, त्यात पॉलिस्टायरीन छान विरघळतं. जपानच्या सोनी कंपनीने १९९० च्या दशकात त्यावर पुनर्प्रक्रियेची पद्धत उभी केली होती. पण तिथे बंद टाक्या असतात, द्रावक पुन्हा गोळा करून वापरला जातो. स्वयंपाकघरातल्या भांड्यात ते शक्य नाही.

---

निळाई

पटलं, सर. माझी बाटली कपाटातच राहील.

---

सावली

जाळण्याबद्दल रानजाईने लिहिलं आहे की तिला माहीत आहे, पण सगळ्यांना माहीत नसतं. म्हणून माझ्या घरची गोष्ट लिहिते.

आमच्या मागच्या बाजूला एका गोदामातले लोक रोज संध्याकाळी पॅकिंग पेटवायचे. काळा धूर सरळ वर जायचा आणि त्यात काजळीचे धागे तरंगायचे, कोळ्याच्या जाळ्यासारखे. दोरीवरच्या पांढऱ्या चादरीवर ते बसले आणि झटकायला गेले तर काळी रेघ ओढली गेली, ती धुऊनही निघाली नाही. माझ्या सासऱ्यांना दम्याचा त्रास आहे. त्या दिवसांत ते खिडकी उघडायलाच घाबरायचे. मी तीनदा जाऊन बोलले. तिसऱ्यांदा एका म्हाताऱ्या कामगाराने माझं ऐकून घेतलं. म्हणाला, "बाई, आम्हीच त्याच्या शेजारी उभे असतो." त्याचा खोकलाही मला ऐकू येत होता.

---

प्रयोगवही

सावलीताई, तुम्ही पाहिलेले धागे म्हणजे अर्धवट जळालेला कार्बन. पॉलिस्टायरीनच्या साखळीत बेंझिनची कडी असते, म्हणून ते उघड्यावर जळताना इतकी काजळी सोडतं. त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन आणि मोकळं स्टायरीनही (ज्या लहान रेणूंपासून ही साखळी बनते ते) येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला "माणसात बहुधा कर्करोगकारक" या गटात घातलं. कचरा जाळून वीज करणाऱ्या भट्टीत साडेआठशे अंशांच्या वर तापमान राखतात आणि धूर गाळून सोडतात. त्याची तुलना अंगणातल्या शेकोटीशी करता येत नाही. नुसता ठेवलेला थर्माकोल असा त्रास देत नाही. त्याला आग लावली की तो विषारी होतो.

---

माळरान

मी कुंड्यांच्या तळाशी थर्माकोलचे तुकडे घालते. पाण्याचा निचरा होतो, कुंडी हलकी होते, आणि कचराही वापरला जातो. हे चालेल ना?

---

शेवंती

माळरान, मीही वर्षानुवर्षं हेच केलं आणि आता थांबवलंय. कुंडी बदलायची वेळ आली तेव्हा रोप उपटलं, तर मुळं तुकड्यांच्या आरपार गेलेली. ओढल्याबरोबर प्रत्येक मुळाला पांढरे दाणे लोंबकळत होते. एकेक खुडायला बसले, पण मातीत मिसळलेले बारीक कण निवडणं अशक्य होतं. ती सगळी माती आता कंपोस्टलाही चालेना. निचऱ्याला फुटक्या मडक्याच्या खापऱ्या घाला. आणि कुंडी उन्हात असेल तर वर आलेले तुकडे पिवळे पडून भुगा होतात, चिमटीत धरले की पावडर.

---

माळरान

खापऱ्या आहेत माझ्याकडे. पुढच्या वेळी तेच. आधीच्या कुंड्यांचं काय करू, हा प्रश्न उरतोच.

---

शेवंती

त्यांना हात लावू नका. माती बदलायला येईल तेव्हा कापडावर उलट्या करा, म्हणजे दाणे वाऱ्यावर जाणार नाहीत.

---

पाऊलखुणा

अळ्या थर्माकोल खातात असं वाचलं होतं. पिठातल्या किड्यांच्या अळ्या, मीलवर्म. त्या पाळल्या तर?

---

प्रयोगवही

खातात, ही गोष्ट खरी आहे. २०१५ मध्ये चीनमधल्या बेइहांग आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ते दाखवलं. अळीच्या आतड्यातले जिवाणू पॉलिस्टायरीनच्या साखळ्या तोडतात आणि खाल्लेल्यातला जवळपास निम्मा कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. पण आकडा पाहा: शंभर अळ्या दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम खातात. रानजाईताईंच्या नुसत्या एक किलोसाठी शंभर अळ्यांना सत्तर ते ऐंशी वर्षं लागतील. उरलेला अर्धा भाग विष्ठेतून बारीक कण होऊन पडतो, तो वेगळाच. खरी आशा त्या जिवाणूंच्या विकरांमध्ये (एन्झाइममध्ये) आहे, आणि ते काम प्रयोगशाळेतलं.

---

बांधणी

मी मातीची भांडी करते आणि पार्सलने पाठवते. थर्माकोल माझ्यासाठी कचरा नाही, रोजचा माल आहे. गेली चार वर्षं मी एकही नवा तुकडा विकत घेतलेला नाही. ओळखीपाळखीच्या लोकांकडे आलेलं पॅकिंग मी घेते. कोपरे जसेच्या तसे लागतात. पाट्या कापाव्या लागतात, तेवढीच मोडतोड.

कापण्याबद्दल सांगते, कारण सगळे दाणे तिथेच उडतात. करवतीच्या दातांची सुरी अजिबात वापरू नका. पातळ, नव्या पात्याचा सरकता कटर घ्या, पात्यावर मेणबत्तीचा तुकडा एकदा फिरवा आणि एकाच दिशेने ओढा. पुढे-मागे घासू नका. मोठी पारदर्शक पिशवी घेऊन दोन्ही हात आत घालायचे आणि सगळं पिशवीतच कापायचं. जे उडेल ते आत राहतं. हाताला चिकटलेले दाणे ओल्या कापडाने पुसले की लगेच येतात, कारण ते स्थिर विजेने धरलेले असतात आणि ओल लागली की वीज जाते. केरसुणीने मात्र ते जास्तच चार्ज होतात. रानजाई, तुझी धावपळ त्यामुळेच झाली.

एक पथ्य मी पाळते. तडा गेलेला किंवा एकदा जोरात आपटलेला कोपरा पुन्हा वापरत नाही. बाहेरून धड दिसला तरी आतले दाणे दबलेले असतात, दुसरा धक्का तो झेलत नाही. माझी एक सुरई तशी फुटली.

---

रानजाई

बांधणीताई, पडदा ओल्या फडक्याने पुसला आणि पाच मिनिटांत सगळे दाणे निघाले. आधी हे माहीत असतं तर!

---

उंबरठा

एक अगदी प्राथमिक प्रश्न. पॅकिंगमध्ये येणारं सगळं पांढरं म्हणजे थर्माकोल का? माझ्या मॉनिटरच्या खोक्यात मऊ, वाकणारं काहीतरी होतं.

---

गठ्ठेवाला

फार चांगला प्रश्न. आमचा निम्मा दिवस हेच निवडण्यात जातो.

वाकवून पाहा. तडकन तुटलं आणि तुटलेल्या कडेला गोल दाणे वेगवेगळे दिसले, तर तो खरा थर्माकोल, म्हणजे ईपीएस. वाकून परत सरळ झालं, नख दाबल्यावर खळगा भरून आला, हाताला किंचित मेणचट लागलं, तर तो पॉलिइथिलीनचा फोम. त्यावर बहुतेक ४ आकडा असतो. त्याचा पुनर्वापर होतो, पण वेगळ्या रांगेत. दोन्ही मिसळले की आमचा ठोकळा भुसभुशीत होतो.

तिसरा प्रकार, खोक्यात प्लास्टिकच्या पिशवीत फुगवून वस्तूच्या आकाराला घट्ट बसवलेला. तो पॉलियुरेथेन. तो वितळत नाही, म्हणून आमच्या कामाचा नाही. खाण्याचे पातळ, गुळगुळीत पांढरे ट्रे ईपीएससारखेच पॉलिस्टायरीनचे असतात, पण दाणेदार नसतात आणि तेलकट असतात. बरीच केंद्रं ते घेतच नाहीत. घेत असली तरी धुऊन, वाळवून, वेगळ्या पिशवीत.

आणि ते खोक्यात भरायचे सुटे, वळवळीत तुकडे. एक उचलून पाण्यात टाका. विरघळून गेला तर तो स्टार्चचा, बाकीचेही कंपोस्टमध्ये टाका. तरंगत राहिला तर पॉलिस्टायरीनचा, तो पिशवीत बंद करून एखाद्या पार्सलवाल्याला द्या.

---

उंबरठा

माझं तर वाकणारंच निघालं. दोन्ही वेगळे ठेवतो.

---

अंगणवाट

जुन्या बीनबॅगमधले दाणे सांभाळा रे. माझ्या भाच्यांनी एकाची चेन उघडली, पूर्ण खोली पांढरी. असे दाणे देताना बॅगेच्या तोंडाला पिशवीचं तोंड घट्ट बांधून ओतायचे. लहान मुलं जवळ असतील तर हे काम त्यांच्यासमोर करूच नका, नाकात आणि घशात जातात.

---

रानजाई (दोन आठवड्यांनी)

काय झालं ते सांगते.

इथलं वाचून मी चौकशी केली. एका केंद्रात दाबयंत्र आहे असं कळलं. त्यांचं म्हणणं होतं की एकट्या घराचं घेणार नाही, निदान दोन-तीन पोती आणा. मग आमच्या इमारतीत चिठ्ठी लावली. गठ्ठेवाला यांच्या भाषेत लिहिलं: कोरडं, अखंड, चिकटपट्टीशिवाय, तडकन तुटणारं. चौदा घरांनी दिलं. आडवाट, तुमच्यासारखी बरीच घरं निघाली, माळ्यावरची! एका आजोबांनी कुठल्याशा जुन्या मिक्सरचा खोका आणून दिला. म्हणाले, "टाकवत नव्हतं, आणि का ते सांगता येत नव्हतं."

ते सगळं मी जिन्याखाली रचलं. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे काका आले, ते अग्निशमन दलातून निवृत्त झालेत. त्यांनी शांतपणे सांगितलं, "हे इथून आत्ता हलवा." बाहेर पडायची वाट आहे ही, इथे एक विडीचं थोटूक पडलं तर काळा धूर सरळ जिन्याने वर चढेल, आणि लोक त्यातूनच उतरायला बघतील, असं ते म्हणाले. मला हे सुचलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी चार जणांनी मिळून सगळं इमारतीमागच्या बंद खोलीत हलवलं. तिथे विजेची तार नाही आणि दाराला कुलूप आहे.

एकूण अकरा पोती. सगळं मिळून भरलं साडेनऊ किलो. छोटा टेम्पो ठासून गेला. केंद्रातल्या मुलीने एकेक पोतं उघडून पाहिलं आणि दोन परत केली. एकात वाकणारा फोम मिसळला होता, दुसऱ्यात चिकटपट्ट्या होत्या. मला आधी वाईट वाटलं, पण तिथेच बसून पट्ट्या काढल्या, आणि ते पोतंही घेतलं तिने.

मग तिने यंत्र चालू केलं. आमचे कोपरे, आजोबांच्या मिक्सरचा साचा, सगळं आत गेलं आणि बराच वेळ दुसऱ्या बाजूने काहीच येईना. नंतर ठोकळा सरकू लागला. हात लावून पाहिला, कोमट होता, गठ्ठेवाला यांनी लिहिलं तसाच. दहा पोत्यांतून जे निघालं ते मी दोन्ही हातांत धरून उभी राहिले. लांबीला माझ्या हाताएवढंही नव्हतं.

एक प्रश्न उरलाय. परत आलेल्या पोत्यातला वाकणारा फोम निवडून वेगळा केला, पण त्यातच थर्माकोलचे काही पिवळे पडलेले, उन्हात राहिलेले तुकडे आहेत. ते पुढच्या फेरीत चालतील का?

---

आडवाट

रानजाई, पुढची फेरी कधी? माझं टीव्हीचं पॅकिंग मी माळ्यावरून खाली काढलंय. पट्ट्या काढल्या.

---

गठ्ठेवाला

रानजाईताई, काकांचं म्हणणं सोन्यासारखं आहे. आमच्या केंद्रातही थर्माकोलच्या आसपास कुणी वेल्डिंग करत नाही.

पिवळ्या तुकड्यांबद्दल. चिमटीत दाबा. दाणा शाबूत राहिला तर चालेल, नुसता वरचा थर पिवळा असतो. भुगा झाला तर उन्हाने त्याच्या साखळ्या तुटल्यात, तो पांढऱ्या मालात टाकू नका, मणी ठिसूळ होतात. तसे तुकडे पिशवीत गच्च बांधून साध्या कचऱ्यात द्या, म्हणजे निदान उडणार नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं की सूर्यप्रकाशात पॉलिस्टायरीनचं विघटन दशकांत ते शतकांत होऊ शकतं, हजारो वर्षं लागतातच असं नाही. पण तेवढ्या काळात ते गटारीत असावं असं कुणालाच वाटणार नाही.

आणि फेरी ठरली की टेम्पोत पोती उभी रचा, तोंडं वर. आडवी रचली की दोरी सुटते आणि सगळा रस्ता पांढरा होतो.

---

रानजाई

पुढची फेरी महिनाअखेरीस. पोती उभी, तोंडं वर. आडवाट, तुमचं पॅकिंग दिसलं की हात वर करा, मी खालीच असेन.